सेकंदाला पाच

मला हवा होता सेकंदाला पाच ठोक्यांचा संथ ठेका. एमएस्सीच्या प्रकल्पाला चेतापेशीचं मॉडेल घेतलं तेव्हा वाटलं, चेतापेशीतले विजेचे ठोके मांडणारी, हॉजकिन आणि हक्सले या शास्त्रज्ञांची चार समीकरणं पायथनमध्ये उतरवायची, पेशीत सोडलेला प्रवाह कमी-जास्त करायचा, झालं काम.

पहिला आठवडा अधिक-उण्यातच गेला. १९५२च्या मूळ लेखात पेशी शांत असताना व्होल्टेज शून्य धरलंय आणि उत्तेजना ऋण दिशेला. मी निम्मी सूत्रं तिथली, निम्मी आजच्या पद्धतीची घेतली होती. पेशी काहीच बोलेना. सगळं उणे ६५ मिलिव्होल्टवर आणून बसवलं. मग चॅनलच्या, म्हणजे पेशीच्या पटलातल्या आयनांच्या वाटांच्या, दारांचे आलेख काढले, तर नेमकं उणे ५५ आणि उणे ४० ला भोक! तिथे सूत्रात शून्य भागिले शून्य होतं. तेवढ्या दोन किमती हाताने भरल्या. (हक्सलेने सगळं गणित हाताने फिरवायच्या यंत्रावर केलं होतं, म्हणून कुरकुर केली नाही.)

स्पाइक, म्हणजे व्होल्टेजचे ते ठोके, आले, पण चौरस सेंटिमीटरला १० मायक्रोअँपियर दिल्यावर सेकंदाला ६८च्या आसपास. प्रवाह उतरवत नेला तरी ठेका ५०च्या फारसा खाली येईना. आणखी उतरवला की एखादा स्पाइक आणि चिडीचूप. टाइम स्टेप, म्हणजे गणिताची वेळेतली पावलं, बारीक करण्यात तीन दिवस घालवले.

मॅडमनी आलेख पाहून एवढंच विचारलं, "ही पेशी कोणाची?"

माकुळाच्या जाड चेतातंतूची. तीही ६.३ अंश सेल्सिअसवरची. माकूळ धोका दिसताच पळतं ते याच जाड तंतूच्या जोरावर. त्याला कशाला हवाय संथ ठेका!

उत्तर कॉनर आणि स्टीव्हन्स यांच्या मॉडेलमधल्या ए-प्रवाहात होतं. मूळ मॉडेलमधल्या एका प्रवाहासारखा हाही पोटॅशियमचाच. स्पाइकनंतर व्होल्टेज खोल जातं तेव्हा या चॅनलचं बंद झालेलं दार मोकळं होतं, आणि व्होल्टेज पुन्हा चढू लागलं की तो प्रवाह त्याला धरून ठेवतो. हळूहळू पकड सुटते, मगच पुढचा स्पाइक. पण नुसता तो चिकटवून भागलं नाही. सोडियम-पोटॅशियमच्या दारांची व्होल्टेजंही काही मिलिव्होल्ट सरकवावी लागली.

आता ठेका हवा तितका मंद होत होता, फक्त स्पाइक सुरू होतात त्या उंबरठ्याजवळ फार नाजूक. प्रवाहाचे दशांशानंतरचे अंक हलवत बसलो, तेव्हा कुठे दोन स्पाइकमध्ये २०० मिलिसेकंद दिसले. तो आकडा आधी वहीत उतरवला, मग कोड सेव्ह केला.