तुम्ही विचारलंत म्हणून: ताई, कॉमेंट्रीचा कोर्स कुठे केला?

कुठल्याही टुर्नामेंटला गेले की माईक बंद झाल्याबरोबर कोणीतरी येऊन विचारतंच, ताई तुम्ही ह्या कबड्डीच्या कॉमेंट्रीत कशा काय आल्या, कोर्स कुठे केला? आता मेसेजमध्ये पण तेच यायला लागलंय, म्हणून एकदाच लिहून टाकते.

कोर्स वगैरे काही नाही हो. मी गुणांची शीट भरायचे. आमच्या पारोळा-अमळनेर पट्ट्यात दिवाळीनंतर कबड्डीचे सामने सुरू झाले की आमचे पीटीचे सर शाळेतल्या मुलींना गुणलेखकाच्या टेबलावर बसवायचे, अक्षर बरं म्हणून माझा नंबर लागला. कबड्डीत कसंय, गुणलेखकाच्या मदतीला दोन सहायक असतात, त्यांचं काम बाद झालेल्यांचा क्रम लिहायचा, कारण जो आधी बाद झाला तोच आधी आत येतो. हे लिहून लिहून मला अशी सवय लागली की चढाई चालू असतानाच कळायचं, आता गुण मिळाला तर कोण उठणार, आणि मी ते शेजारच्या मैत्रिणीच्या कानात बडबडत बसायचे. माईकवाले काका बिचारे देणगीदारांची नावं आणि "एमएच एकोणीसवाली गाडी रस्त्यातून काढा" ह्यातच गुंतलेले. एका सेमीफायनलला सरांनी माईक त्यांच्याकडून घेतला आणि माझ्यापुढे धरला. "तिला जे सांगतेयस ना, तेच ह्याच्यात सांग."

मंडळाचे एक जण लगेच आले, सर पोरगी काय बोलणार, लोकं हसतील. सर म्हणाले, "हसू द्या ना भाऊ, बसून तर राहतील."

आणि मग सर निघूनच गेले! म्हणजे चहाच्या गाडीपाशी जाऊन मैदानाकडे पाठ करून उभे राहिले. पुढे कायम तसंच, मी माईकवर असले की सर पाठमोरे, हातात कटिंग. भोंग्यातून जेवढं ऐकू येईल तेवढाच त्यांचा सामना. संपल्यावर प्रश्न सुरू. सहा नंबरचा कुठल्या कोपऱ्यात होता? बोनस (म्हणजे बोनस रेषा ओलांडल्याचा जादा गुण) घेतला म्हणालीस, समोर जण किती होते? कारण समोर सहाच्या खाली असतील तर बोनस नसतोच, मग ऐकणाऱ्याने काय समजायचं. तू "जबरदस्त" म्हणालीस, पण पकड घोट्याला होती का मांडीला? एकदा मात्र म्हणाले, "दोन चढाया रिकाम्या गेल्या हे तू सांगितलंस ना, म्हणून तिसरीला मी चहा खाली ठेवला." तिसरीला गुण आणला नाही तर चढाईवालाच बाद, हे माहीत असणाऱ्यालाच ह्या वाक्याची किंमत कळेल. मी त्या रात्री झोपले नाही.

सर स्वतः रेडिओवर बाळ ज. पंडितांची क्रिकेटची मराठी कॉमेंट्री ऐकत वाढलेले, त्यामुळे न दिसणाऱ्याला दाखवायचं हे त्यांच्या डोक्यात पक्कं. जळगाव आकाशवाणीच्या ऑडिशनचा फॉर्म पण त्यांनीच आणून दिला. तिथे कॅज्युअल, म्हणजे बोलावतील तेव्हाच जायचं अशी अनाउन्सर म्हणून खेळाचं फार काही वाट्याला आलं नाही, पण माईकवर ओरडायचं नसतं एवढं शिकले (मैदानावर अजूनही विसरते ते वेगळं).

२०१४ ला प्रो कबड्डी आली आणि हळूहळू आमच्याकडच्या सामन्यांना पण मातीच्या जागी मॅट, हॅलोजनच्या जागी एलईडी आणि यूट्यूबवर लाईव्ह सुरू झालं. आता गंमत बघा, चोपडा-यावलकडे केळीच्या मळ्यात बसून लोकं मोबाईलवर बघतात, नेटवर्क गेलं की चित्र अडकतं पण आवाज येत राहतो, म्हणजे शेवटी सगळे सरांसारखे पाठमोरेच. स्ट्रीमवाले पोरं म्हणतात ताई चित्र दिसतंय ना, एवढं कशाला सांगता. मी ऐकत नाही त्यांचं.

घरच्यांनी कसं सोडलं हा पुढचा प्रश्न. सामने रात्री दीड-दोनपर्यंत चालायचे. सर आणि काकू (सरांच्या मिसेस) दोघं मला दारापर्यंत सोडायचे आणि बापूंना, म्हणजे माझ्या वडिलांना उठवून सांगायचे, पोरगी आली, कडी लावा. काकूंना कबड्डीतलं ओ की ठो कळायचं नाही, त्या निव्वळ माझ्यासाठी थंडीत स्वेटर घालून बसायच्या. ह्यांचं नाव कोणी घेत नाही म्हणून मुद्दाम लिहितेय.

मानधनाचं म्हणाल तर सुरुवातीला नारळ, शाल आणि फायनलनंतरची भरीत-भाकरी. शाली एवढ्या जमल्या की आईने गल्लीत वाटल्या. एका मंडळाने पाकीट देतो सांगून थेट गाडीत बसवून दिलं, ते पाकीट अजून यायचंय. आता अर्धे आधी घेते. नवीन मुलींनी पण माईक हातात घ्यायच्या आधी पैसे आणि परत जायची गाडी दोन्ही ठरवून घ्या, लाजू नका. आणि शिकायचंच असेल तर गावातल्या पुढच्या सामन्याला सहायक गुणलेखकाची खुर्ची मागा, तिच्यासाठी कोणी भांडत नाही.