आक्कांनी सूत हातात दिलं नाही

कालपासून एकच गोष्ट मनातून जात नाही. आक्कांनी, माझ्या थोरल्या जाऊबाईंनी, सूत माझ्या हातात दिलं नाही. कट्ट्यावर ठेवलं आणि म्हणाल्या, "घे गं तिथलं." बास, एवढंच.

वटपौर्णिमेची सगळी तयारी नेहमीसारखी त्यांनीच केली. आदल्या संध्याकाळी कपिलतीर्थ मार्केटात जाऊन आंबे, जांभळं, करवंदं, केळी, फणसाचे गरे आणले. ओटीचे गहू निवडले. काळे मणी, हळदीकुंकू, वाती, सगळं माझ्या ताटात लावून ठेवलं. वडाच्या फांद्या विकायला बसलेल्या बाईला नेहमीप्रमाणे बोलूनही आल्या, की झाड तोडून नवऱ्याला आयुष्य मागतं का कोण. फळांना त्यांचा हात लागला, गव्हाला लागला. सूत देतानाच तेवढा मागे का घेतला?

मी म्हटलं, "चला की आक्का." तर म्हणाल्या, "आबांना जेवायला कोण वाढणार?" आबा, आमचे सासरे, आपलं आपण वाढून घेतात, हे आमच्या घरात मांजरालाही ठाऊक आहे.

वडाजवळ गर्दी होती. दरवर्षी आक्का पुढे आणि मी मागे. फेऱ्या त्या मोजायच्या, मी नुसती चालायची. काल मोजणं माझ्याकडे आलं आणि सारखा गोंधळ व्हायला लागला, ही चौथी की पाचवी. तेवढ्यात ओटी भरताना कुणीतरी विचारलं, "आक्का नाही आल्या?" विचारलं आणि त्यांचं त्यांनाच आठवलं. मान खाली घालून माझ्या पदरात गहू टाकत राहिल्या. मीही काही बोलले नाही. घरी येताना उन्हात डोकं दुखायला लागलं आणि मला माझीच कीव आली. पोटात काही नाही, बरोबर कुणी नाही. खरं सांगायचं तर हा उपवास मी ह्यांच्यासाठी जेवढा धरत आले तेवढाच आक्कांबरोबर एक दिवस मिळतो म्हणूनही. दुपारी शाबूची खिचडी खात, पाय पसरून बसायचं, माहेरच्या गोष्टी काढायच्या. काल त्या आतल्या खोलीत झोपून होत्या. झोपल्या होत्या की नाही, देव जाणे.

भाऊजी गेले तेव्हा बायका बांगड्या फोडायला पुढे झाल्या होत्या. आबांनी अडवलं. पोटचा मुलगा समोर होता आणि आबा म्हणाले, "शाहू महाराजांच्या कोल्हापुरात ह्ये चालायचं न्हाई. हेरवाडच्या लोकांस्नी कळतं, आपल्याला कळत न्हाई व्हय?" हेरवाड आक्कांच्या माहेराकडचं, शिरोळ तालुक्यातलं. महाराजांना जाऊन शंभर वर्षं व्हायला दोन दिवस होते, तेव्हा, ४ मे २०२२ ला, तिथल्या ग्रामपंचायतीनं ठराव केला. बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र काढायचं नाही. १७ मेला सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसंच करायला सांगितलं. महाराजांनी तर १९१७ सालीच विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याची मान्यता दिली होती. आबांच्या तोंडून हे किती वेळा ऐकलंय.

म्हणून तर कळत नाही. आक्कांच्या हातात आजही हिरव्या बांगड्या आहेत. कपाळावर टिकली आहे. घरात त्यांना कुणी एका शब्दानं काही म्हटलेलं नाही. मग सूत द्यायला हात का आला नाही? ठराव बांगड्यांचा झाला, कुंकवाचा झाला. सुताबद्दल त्यांना कुणी काय सांगायला हवं होतं? मी सांगायला हवं होतं का? काय सांगणार, की आक्का, तुमचा हात चालतो मला? असं म्हटलं की न चालण्याची गोष्ट आपणच काढल्यासारखी होते.

रात्री पडल्या पडल्या वाटलं, त्या स्वतःला नाही, मला जपत असतील. उद्या ह्यांना साधा ताप आला तरी आक्कांच्या मनात काय येईल? मी सूत दिलं होतं, हेच ना. आणि माझ्या मनात? नाही येणार. नाहीच येणार.

सावित्रीची गोष्ट लहानपणापासून ऐकतेय. वनपर्वात मार्कंडेय ऋषी ती युधिष्ठिराला सांगतात. यमाकडे तिनं पहिला वर सत्यवानासाठी मागितला नव्हता. आधी आंधळ्या सासऱ्याचे डोळे मागितले, मग त्याचं गेलेलं राज्य, मग आपल्या बापाला शंभर मुलगे. नवऱ्याचा जीव शेवटी. पुराण म्हणून ऐकताना हे कधी लक्षात राहिलं नव्हतं. काल राहिलं, कारण "आबांना कोण वाढणार" हे आक्कांचं निमित्त असलं, तरी आबांच्या गोळ्या, आबांचा चहा, आबांचं रात्री दोनदा उठणं त्याच बघतात. स्वतःचं दुःख बाजूला ठेवून. मी नाही.

आज सकाळी उपवास सोडायला त्यांनीच वरणभात टाकला होता. ओटीतला एक आंबा मी त्यांच्यापुढे केला. त्यांनी आंब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, "वाण म्हणून नको. आंबा म्हणून दे."

दिला. हातात दिला. त्यांनी घेतला, तिथंच उभ्या राहून कापला आणि अर्धा मलाच दिला. वर म्हणाल्या, आंबट आहे, फसवलं त्या मार्केटातल्या पोरानं. मला एकदम हलकं वाटलं. त्यांना काय घ्यायचं आणि काय नाही हे त्या ठरवतायत, त्यांना कुणी बाजूला सारलेलं नाही, असं वाटलं. निदान आंब्यापुरतं तरी. सुताचंही तसंच असेल का? त्यांना नकोच असेल आता वडाची ती वाट, भाऊजींसाठी इतकी वर्षं चालून झाल्यावर? मी मात्र माझ्या सोबतीसाठी त्यांना ओढायला निघाले आहे.

आबांना विचारलं, पुढच्या वर्षी आक्कांना घेऊन जाऊ का? ते म्हणाले, "तिला वाटत असंल तर जरूर न्हे. जोर करायचा न्हाई." बरोबर आहे. पण त्यांना वाटतंय की नाही हे कळायला आधी विचारावं लागेल, आणि विचारलं की आक्का पुन्हा आबांच्या जेवणाचंच कारण सांगणार.