ऑफिसच्या जुन्या पीसीवर गेमिंग: सरासरी ८४ एफपीएस असूनही खेळ अडखळत होता, त्याचा उलगडा

मागच्या नोंदीत लो-प्रोफाइल (कमी उंचीचे) जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड बसवण्यापर्यंतची हकिगत आली होती. कोअर आय-५ ६५०० प्रोसेसर, ड्युअल चॅनलमध्ये १६ जीबी रॅम आणि २४० वॉटचा मूळ एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) अशा या लीजवरून परत आलेल्या ऑफिस पीसीने कार्ड विनातक्रार स्वीकारले आणि जीटीए ५ या खेळाच्या लेगसी (जुन्या) आवृत्तीची सरासरी १०८०पीला ८४ एफपीएसवर, म्हणजे सेकंदाला ८४ फ्रेमवर (चित्रांवर) गेली. अंतर्गत ग्राफिक्सवर ७२०पीला सगळ्या सेटिंग किमान ठेवूनही जेमतेम पन्नाशी गाठली जात होती, हे लक्षात घेता हा आकडा मोठाच होता. परंतु शहराच्या मध्यभागातून गाडी वेगाने न्यायला लागलो की खेळ दर काही क्षणांनी अडखळत असे, वळण घेताना चित्र किंचित थांबून पुढे उडी मारत असे, आणि पन्नाशीत जो खेळ सुसह्य वाटत होता तो चौऱ्याऐंशीत डोळ्यांना टोचू लागला होता. या आठवड्यात त्या अडखळीचे कारण सापडले आणि पदरचा एकही रुपया खर्च न करता ती जवळजवळ नाहीशी झाली, म्हणून ही नोंद सविस्तर लिहीत आहे.

प्रथम संशय उष्णतेवर गेला, कारण लहान कॅबिनेटमध्ये हवा खेळायला जागा नसते. तापमान दाखवणारा एचडब्ल्यूइन्फो प्रोग्राम सुरू ठेवून पाहिले तेव्हा प्रोसेसर ६८ अंशांच्या आणि कार्ड ७४ अंशांच्या पुढे जात नव्हते आणि थ्रॉटलिंगची (तापल्यामुळे आपोआप वेग कमी होण्याची) एकही खूण उमटली नव्हती. त्यानंतर एसएमपीएसचा विचार केला. हे कार्ड वेगळी पॉवर केबल न घेता पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॉटवरच चालते आणि प्रोसेसरची मर्यादा ६५ वॉटची आहे, त्यामुळे २४० वॉटमध्ये दोघांचेही भागते. खेळ एसएसडीवर होता, म्हणून डिस्कचाही प्रश्न नव्हता. ड्रायव्हर पूर्ण काढून नव्याने टाकला, पॉवर प्लॅन बदलला, टास्क मॅनेजरमधून खेळाला अधिक प्राधान्य दिले, पण फरक शून्य. इंटरनेटवर अशा वेळी हमखास सुचवले जाणारे रजिस्ट्रीतील बदल आणि टायमर बंद करण्याचे उपाय मी यापुढे कोणालाही सुचवणार नाही. कारण ठाऊक नसताना केलेले असले बदल पुढच्या तपासात केवळ गोंधळ वाढवतात.

खरी वाट दाखवली ती आफ्टरबर्नर या कार्डावर नजर ठेवणाऱ्या प्रोग्रामबरोबर येणाऱ्या रिवाट्यूनरने. मी तोपर्यंत पडद्यावर फक्त एफपीएसचा आकडा ठेवत होतो. त्याऐवजी फ्रेम टाइमचा (प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा) आलेख आणि चारही कोअरचा वापर वेगवेगळा दाखवण्याची व्यवस्था केली, तेव्हा चित्र स्वच्छ झाले. ८४ एफपीएस म्हणजे सरासरी १२ मिलिसेकंदांना एक फ्रेम. आलेखाची रेषा बहुतेक वेळ त्याच पातळीवर होती, पण मधूनच ती ६० ते ७० मिलिसेकंदांपर्यंत उसळी घेत होती. सेकंदभरात अशी एक उसळी आली तरी सरासरी फारशी हलत नाही, डोळ्यांना मात्र नेमकी तीच जाणवते. वन पर्सेंट लो (सर्वांत संथ एक टक्का फ्रेमचा एफपीएस) ३१ वर होता, म्हणजे सर्वांत वाईट क्षणी खेळ सरासरीच्या निम्म्याहूनही खाली जात होता. त्याच वेळी कार्डाचा वापर ६० ते ७० टक्के होता आणि प्रोसेसरचे चारही कोअर सतत १०० टक्क्यांवर होते.

इथे या प्रोसेसरची घडण आड येते. आय-५ ६५०० ला चार कोअर आहेत आणि थ्रेडही चारच आहेत, म्हणजे एका वेळी चारच कामे चालू शकतात. जीटीए ५ मध्ये एक मुख्य थ्रेड (कामाचा धागा) जगाचा हिशेब ठेवतो, दुसरे थ्रेड पुढच्या रस्त्यांचा आणि इमारतींचा डेटा एसएसडीवरून आणून उलगडत असतात, शिवाय ड्रायव्हरचे आणि ध्वनीचे थ्रेड असतात आणि विंडोजची स्वतःची कामेही चालू असतात. फ्रेमवर मर्यादा नसली की मुख्य थ्रेड आधीची फ्रेम संपताक्षणी पुढची हाती घेतो आणि मिळेल तेवढा सगळा प्रोसेसर खाऊन टाकतो. गाडी वेगात असताना नवा भाग आणण्याचे काम वाढते, पण त्या थ्रेडना वेळेवर कोअर मिळत नाही. ते मागे पडले की मुख्य थ्रेडला त्यांची वाट पाहावी लागते, आणि ती वाट पाहणे म्हणजेच आलेखातली उसळी. गच्च भरलेल्या लोकलच्या प्रत्येक डब्यात दारापर्यंत माणसे लटकलेली असली की स्टेशनवर उतरणाऱ्यालाही बाहेर पडता येत नाही, तसेच हे आहे: काम थोडेसेच असते, पण त्याला वाट मिळत नाही.

हे पटल्यावर सर्वत्र दिल्या जाणाऱ्या सल्ल्याच्या उलट दिशेने जावे लागले. नव्याने सुरुवात करणाऱ्याला सहसा सांगितले जाते की खेळ अडखळत असेल तर रिझोल्यूशन आणि सगळ्या सेटिंग उतरवाव्यात. रिझोल्यूशन ७२०पीवर आणून पाहिले तेव्हा सरासरी थोडी वाढली आणि अडखळ आणखी वाईट झाली, कारण कार्डावरचा भार हलका झाल्याने प्रोसेसरवर अधिक फ्रेम तयार करण्याची सक्ती आली. म्हणून पुन्हा १०८०पीवर येऊन टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाची चित्रे) हायवर नेले आणि कडांचे दाते गुळगुळीत करणारे टूएक्स एमएसएए चालू केले. यांचा जवळजवळ सगळा भार कार्ड उचलते. याउलट पॉप्युलेशन डेन्सिटी, डिस्टन्स स्केलिंग आणि प्रगत सेटिंगमधले एक्स्टेंडेड डिस्टन्स स्केलिंग या तीन पट्ट्या खाली आणल्या, कारण रस्त्यावर किती माणसे आणि गाड्या असाव्यात आणि किती दूरच्या वस्तू हिशेबात धराव्यात, हे त्या ठरवतात आणि ते काम प्रोसेसरचे असते. चित्र पूर्वीपेक्षा देखणे झाले आणि उसळ्या कमी झाल्या. सेटिंगच्या पानावर पट्ट्यांची नावे एकाखाली एक असतात, पण कोणती पट्टी कोणाच्या खांद्यावर भार टाकते हे तिथे लिहिलेले नसते. हे ज्ञान मला नवे कार्ड मिळण्याइतके मोलाचे वाटते.

त्यानंतर रिवाट्यूनरमध्ये ६० एफपीएसची मर्यादा घातली. वन पर्सेंट लो लगेच ४४ वर आला आणि मोकळ्या महामार्गावर आलेखाची रेषा प्रथमच सरळ दिसली. पण गजबजलेल्या भागात प्रोसेसर अजूनही ९५ टक्क्यांच्या आसपास होता. ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या मॉनिटरवर प्रत्येक फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या फेरीशी जुळवून दाखवण्याची सोय) चालू असताना ती वेळ थोडक्यात जरी हुकली तरी आधीची फ्रेम आणखी एक फेरी पडद्यावर राहते आणि नवी फ्रेम दिसायला ३३.३ मिलिसेकंद लागतात. मर्यादा ४५ वर आणून पाहिली, पण ६० ला ४५ ने पूर्ण भाग जात नाही. काही फ्रेम एक फेरी राहतात आणि काही दोन, त्यामुळे प्रोसेसर निवांत असूनही चालीत एक लय बिघडल्यासारखी हेलकावणी राहते. ३० ने भाग जातो, पण ३० वर गाडी चालवणे मला जड वाटले.

आता या नोंदीतला सर्वांत सुखद भाग. विंडोजच्या प्रगत डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेटची यादी उघडली, तर या साध्या ऑफिस मॉनिटरने एचडीएमआयवर ६० च्या खाली ५० हर्ट्झचाही पर्याय दिला होता. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आणि दूरदर्शनने स्वीकारलेली पॅल पद्धतही सेकंदाला ५० फील्डची. अशाच देशांतल्या टीव्हींसाठी १०८०पी ५० हा प्रकार एचडीएमआयच्या नेहमीच्या प्रकारांत आला, आणि अनेक मॉनिटर तो निमूट स्वीकारतात. ५० हर्ट्झ निवडले, मर्यादाही ५० ची घातली, आणि प्रत्येक फ्रेमला एकदम २० मिलिसेकंद मिळाले. सव्वातीन मिलिसेकंदांची ही सवलत ऐकायला किरकोळ वाटते, पण प्रोसेसरचा वापर ७५ ते ८० टक्क्यांवर उतरला, डेटा आणणाऱ्या थ्रेडना जागा मिळाली आणि वन पर्सेंट लो ४७ झाला. शहराच्या मध्यभागातून भर वेगात गेलो तेव्हा आलेख पट्टीने आखल्यासारखा सरळ होता. सरासरी ८४ वरून ५० वर आली आणि खेळ या यंत्रावर आजवर चालला नव्हता इतका सलग चालला. ते पाहण्यात मिळालेले समाधान फार मोठे आहे आणि मी ते पुरेपूर उपभोगले.

ज्यांना करून पाहायचे आहे त्यांनी मॉनिटर एचडीएमआयनेच जोडावा, कारण व्हीजीए किंवा डिस्प्लेपोर्टवर ही ओळ पुष्कळदा दिसत नाही. व्ही-सिंकमुळे माउस किंचित जड वाटत असेल तर रिवाट्यूनरमध्ये मर्यादा रिफ्रेश रेटपेक्षा शतांशाने कमी, म्हणजे ४९.९९ अशी द्यावी. फ्रेम रांगेत साचत नाहीत आणि हाताला हलकेपणा जाणवतो. काउंटर-स्ट्राइक २ सारखा चुरशीचा खेळ ज्यांना खेळायचा आहे, त्यांचे समाधान मात्र ५० वर होणार नाही. तो खेळ प्रोसेसरवरच सर्वाधिक जोर देतो आणि तिथे चार थ्रेडची मर्यादा युक्तीने झाकता येत नाही.

कार्डाच्या खरेदीविषयी अनेकांना उत्सुकता आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. पुण्यातली तपकीर गल्ली असो वा मुंबईतला लॅमिंग्टन रोड, सेकंडहँड कार्ड घेताना ते दुकानातच चालू करून कार्डाची माहिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेड प्रोग्राममध्ये पाहावे आणि दहा मिनिटे भाराखाली ठेवावे. जो विक्रेता याला आनंदाने तयार होतो आणि टेस्टिंग वॉरंटी बिलावर लिहून देतो, त्याला शे-दोनशे रुपये जास्त द्यावेत असे माझे ठाम मत आहे. बाजारात जुन्या चिपवर नवे बायॉस (कार्डातला मूळ प्रोग्राम) चढवून मोठ्या नावाने विकलेली कार्डे फिरतात, आणि जीपीयू-झेड अशा पुष्कळ कार्डांच्या नावापुढे ती बनावट असल्याची खूण दाखवते. जीटी १०३० घेणाऱ्यांनी मेमरीचा प्रकार पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत, कारण जीडीडीआर५ च्या कार्डाची बँडविड्थ (मेमरीतून डेटा वाहण्याचा वेग) सेकंदाला ४८ जीबी आहे आणि त्याच नावाच्या डीडीआर४ कार्डाची १७ जीबीच्याही आत. आरएक्स ६४०० कमी विजेवर चालते आणि कागदावर आकर्षक दिसते, पण ते पीसीआय एक्सप्रेसच्या चारच लेन (डेटाच्या वाटा) वापरते. आपल्या सहाव्या पिढीच्या मदरबोर्डवर ४.० ऐवजी ३.० चाच वेग मिळत असल्यामुळे त्या लेनची क्षमता निम्मी होते आणि ४ जीबी मेमरी भरली की त्याचा फटका बसतो. अशा पीसीसाठी माझा कौल म्हणूनच पूर्ण सोळा लेन वापरणाऱ्या १६५० ला आहे.

पुढचा बेत असा होता की याच सॉकेटमध्ये बसणारा आणि तेवढ्याच ६५ वॉटचा कोअर आय-७ ६७०० सेकंडहँड घ्यावा. त्यात कोअर चारच असले तरी थ्रेड आठ आहेत, म्हणजे आपल्या नेमक्या दुखण्यावर तो उपाय आहे. परंतु वरचे परिच्छेद लिहिताना विचार बदलू लागला आहे. अडखळ दोन गोष्टींनी मिळून होत होती: प्रोसेसरची दमछाक आणि मॉनिटरच्या ठरावीक ठोक्याशी न जुळणारी फ्रेम. पहिली मर्यादेने सुटली. दुसरी अॅडॅप्टिव्ह सिंकच्या मॉनिटरने कायमची सुटू शकते, कारण तो फ्रेम येईल तेव्हाच पडदा बदलतो आणि मग ५०, ५३ की ५७ हा प्रश्नच राहत नाही. कार्डाची चिप बनवणाऱ्या एन्व्हिडियाने जानेवारी २०१९ पासून अशा मॉनिटरना ड्रायव्हरमध्ये आधार दिलेला आहे आणि १६५० च्या डिस्प्लेपोर्टवर तो चालतो. शिवाय आय-७ या बोर्डाबरोबरच निवृत्त होईल, तर मॉनिटर पुढच्या यंत्रालाही उपयोगी पडेल. अट एवढीच की मॉनिटरच्या पल्ल्याचा (तो जुळवून घेऊ शकतो त्या हर्ट्झच्या टप्प्याचा) खालचा आकडा पाहायला हवा. अनेक स्वस्त मॉनिटरचा पल्ला ४८ ते ७५ हर्ट्झ असतो. ५० च्या आसपास खेळणाऱ्याला तो काठावरचा आहे, आणि पल्ला अरुंद असल्यामुळे फ्रेम ४८ च्या खाली गेल्यावर तीच फ्रेम दुप्पट करून सावरण्याची सोयही मिळत नाही. म्हणून पल्ला ४० पासून सुरू होणारा मॉनिटर मिळाला तरच घेईन, नाहीतर आय-७ कडे वळेन.

दुसरे काम विंडोजचे आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि सहाव्या पिढीचे प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. त्यामुळे दुसऱ्या एसएसडीवर लिनक्स टाकून विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवणाऱ्या प्रोटॉनमधून हीच चाचणी मँगोहडच्या (लिनक्सवरील रिवाट्यूनरसारख्या प्रोग्रामच्या) आलेखावर करणार आहे. जीटीए ऑनलाइन खेळणाऱ्यांनी हा मार्ग धरू नये, कारण सप्टेंबर २०२४ मध्ये खेळातली फसवणूक रोखणारे बॅटलआय आल्यापासून तो भाग लिनक्सवर चालत नाही. मला कथेचाच भाग खेळायचा असल्याने माझी अडचण होणार नाही.

या सगळ्या खटाटोपामागचा मूळ हेतू नियमित वाचणाऱ्यांना ठाऊक आहेच: पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेला राजी हा खेळ याच पीसीवर चांगल्या चित्रासह शेवटपर्यंत खेळायचा. ५० हर्ट्झची युक्ती साधल्यावर तो काल उघडला आणि त्याचा पहिला टप्पा १०८०पीला न अडखळता पार पडला. तिथे प्रोसेसर निम्माच वापरला जातो, म्हणजे हा खेळ ६० वरही निभावेल असे दिसते. पुढच्या नोंदीत दोन्ही रिफ्रेश रेटवरचे त्याचे आलेख शेजारी शेजारी देईन, आणि तोवर मॉनिटरचा निर्णय झाला असेल तर तोही कळवीन.