पालिका सरकारला पत्र लिहिते तेव्हा

दिवाळीला नाशिकला आलो होतो, तेव्हा इंदिरानगरच्या घरी फराळ करता करता काकांना मोबाइलवर एक पत्र दाखवले. काकांची नोकरीची सगळी वर्षे महापालिकेच्या नगरसचिव विभागात गेली. महासभेची विषयपत्रिका काढणे, ठरावांचे मसुदे तपासणे आणि इतिवृत्त लिहिणे हे त्यांचे काम, त्यामुळे कोणताही सरकारी कागद ते आधी वरून, मग खालून आणि शेवटी मधून वाचतात. मी कॅलिफोर्नियात ज्या मध्यम आकाराच्या शहरात राहतो, त्या शहराच्या लेटरहेडवर महापौरांच्या सहीने ते पत्र राज्याच्या एका सिनेटरांना गेलेले होते. विषयाच्या ओळीत विधेयकाचा क्रमांक, ते कोणत्या तारखेच्या दुरुस्तीनुसार वाचले आहे याचा उल्लेख आणि त्याखाली ठळक अक्षरांत शहराची भूमिका होती: दुरुस्ती न केल्यास विरोध.

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. “म्हणजे कायदा व्हायच्या आधीच पालिका सरकारला लेखी कळवते, की आम्हाला हा मान्य नाही? आणि सरकारला राग येत नाही?”

राग येतो की नाही हे मला सांगता येणार नाही. पण तिथे ही रोजची रीत आहे. राज्याच्या विधिमंडळात दरवर्षी सुमारे दोन हजार विधेयके मांडली जातात, आणि त्यांतली कितीतरी शहरांच्या तिजोरीला, जमिनीला किंवा अधिकारांना हात घालणारी असतात. त्यामुळे वर्षाच्या सुरुवातीलाच शहराची कौन्सिल, म्हणजे निवडून आलेल्या नगरसेवकांची सभा, एक धोरणपत्रिका मंजूर करून ठेवते. घरबांधणी, पाणी, पोलीस, रस्ते, महसूल अशा विषयांवर शहराला काय हवे आणि काय नको, हे त्यात आधीच लिहिलेले असते. एखादे विधेयक त्या चौकटीत बसत असेल, तर दर वेळी कौन्सिलपुढे न जाता सिटी मॅनेजर, म्हणजे आपल्याकडच्या आयुक्तांसारखे अधिकारी, पत्राचा मसुदा करतात आणि महापौर सही करतात. चौकटीत बसत नसेल किंवा विषय वादाचा असेल, तर मात्र तो सभेपुढे आणावाच लागतो.

ही पद्धत शहरागणिक बदलते. लॉस एंजेलिसमध्ये नियम फार कडक आहे: राज्याच्या किंवा केंद्राच्या कोणत्याही प्रस्तावित कायद्यावर शहराची अधिकृत भूमिका घ्यायची, तर कौन्सिलने तसा ठराव केलेला हवा आणि त्याला महापौरांची सहमती हवी. तिथल्या अशा प्रत्येक ठरावाचा पहिला परिच्छेद हाच नियम शब्दशः सांगतो. मला सुरुवातीला ते केवळ कारकुनी वाटले होते. पण एखादा नगरसेवक किंवा अधिकारी स्वतःचेच मत शहराचे म्हणून राजधानी सॅक्रामेंटोला पाठवू लागला, तर त्याला अडवायचे कसे, या प्रश्नाचे उत्तर त्या परिच्छेदात आहे.

भूमिकांचीही एक परिभाषा ठरलेली आहे, आणि मला तिची गंमत वाटते. पाठिंबा आणि विरोध ही दोन टोके झाली. मध्ये ‘दुरुस्ती केल्यास पाठिंबा’, ‘दुरुस्ती न केल्यास विरोध’ आणि नुसते ‘लक्ष ठेवणे’ अशा पायऱ्या असतात. ज्याला विधेयकाच्या कर्त्याशी बोलणी चालू ठेवायची आहेत, तो सरळ विरोध सहसा नोंदवत नाही, कारण सरळ विरोध नोंदवला की बोलण्यासारखे फारसे उरत नाही. आपल्याकडे लग्नाच्या बोलणीत ‘पत्रिका जुळत नाही’ आणि ‘मुलगी अजून शिकते आहे’ यांत जो फरक असतो, तसाच काहीसा.

काकांना दाखवलेले पत्र ज्या विधेयकाबद्दल होते, ते सिनेट विधेयक ७९. रेल्वे आणि जलद बसच्या मोठ्या थांब्यांजवळ शहराच्या झोनिंगमध्ये, म्हणजे जमीनवापराच्या नियमांत, बसतात त्यापेक्षा उंच इमारतींना परवानगी देणारे हे विधेयक २०२५ साली सिनेटर स्कॉट वीनर यांनी मांडले होते. लॉस एंजेलिसच्या कौन्सिलने ऑगस्टमध्ये ८ विरुद्ध ५ मतांनी त्याविरोधात ठराव केला. राज्याने मान्य केलेला गृहनिर्माण आराखडा ज्या शहरांकडे आहे, त्यांना या कायद्यातून वगळावे, ही तिची अट होती. आमच्या शहराची भूमिकाही साधारण तीच होती. मी मात्र स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर भाड्याने राहतो, दर वर्षी घरभाडे वाढताना पाहतो आणि मला हे विधेयक हवे होते. म्हणजे शहर ज्यांच्या वतीने विरोध करणार होते, त्यांत मीही होतो.

सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय ‘कन्सेंट कॅलेंडर’मध्ये, म्हणजे चर्चेविना एकगठ्ठा मंजूर करायच्या विषयांत टाकलेला होता. सभा खुल्या ठेवण्याबाबतच्या १९५३ च्या ब्राउन ॲक्ट या राज्याच्या कायद्याप्रमाणे नियमित सभेची विषयपत्रिका निदान ७२ तास आधी जाहीर करावी लागते, आणि तिच्यात नसलेल्या विषयावर, मोजके अपवाद सोडल्यास, निर्णय घेता येत नाही. हे ऐकून काका बराच वेळ हसत राहिले. महासभेत ऐनवेळचे विषय म्हणून किती आणि काय काय यायचे, त्याचे किस्से त्यांच्याकडे आहेत. ते मी इथे लिहीत नाही.

त्या ७२ तासांमुळेच मला तो विषय सापडला. सभेला गेलो आणि बोलण्यासाठी चिठ्ठी भरली. एका नगरसेविकेने विषय कन्सेंटमधून बाहेर काढायला लावला, तेव्हा त्यावर चर्चा झाली आणि मला बोलायला दोन मिनिटे मिळाली. समोरच्या घड्याळात हिरवा, पिवळा आणि लाल असे दिवे होते. पिवळा लागल्यावर मी घाईघाईने शेवटची दोन वाक्ये एकात कोंबली, आणि त्याचा अर्थ कोणाला लागला असेल असे मला वाटत नाही. मत पाच विरुद्ध दोन असे पडले आणि पत्र गेले.

पुढचा प्रवास मी घरी बसून थेट प्रक्षेपणात पाहिला. विधिमंडळाच्या समितीत दोन्ही बाजूंचे एक-दोन मुख्य साक्षीदार बोलतात, आणि मग बाकीच्यांची रांग लागते. त्या रांगेत भाषण करायचे नसते. नाव, संस्था आणि भूमिका एवढेच सांगून बाजूला व्हायचे असते. शहरे त्यासाठी मोबदला देऊन लॉबिइस्ट, म्हणजे विधिमंडळात आपली बाजू मांडणारे प्रतिनिधी, नेमतात, शिवाय कॅलिफोर्नियातील शहरांची एक सामाईक संघटनाही आहे. तीन-चार सेकंदांत एक शहर माइकसमोरून सरकते. समितीचे सल्लागार विधेयकाचे जे टिपण तयार करतात, त्याच्या शेवटी समर्थक आणि विरोधकांची यादी असते, आणि आमच्या शहराचे नाव तिथे इतर कितीतरी शहरांमध्ये छापलेले होते. एवढ्या खटाटोपाचे फळ म्हणून ते मला फारच लहान वाटले, आणि अजूनही वाटते.

शिवाय विधेयक स्थिर राहत नाही. मार्चमध्ये लिहिलेले पत्र जूनमधल्या मसुद्याला लागू पडतेच असे नाही, म्हणून तर पत्रात दुरुस्तीची तारीख घालतात. आणि दुरुस्तीने आपले समाधान झाले असेल, तर विरोध मागे घेतल्याचे दुसरे पत्र पाठवावे लागते. ते पाठवायला बरीच शहरे विसरतात. विधेयक ७९ मध्ये शेवटपर्यंत दुरुस्त्या होत गेल्या, सप्टेंबरमध्ये ते संमत झाले आणि १० ऑक्टोबरला राज्यपालांनी त्यावर सही केली. लॉस एंजेलिससारखे शहर विरोधात असतानाही कायदा झाला. मी काकांना पत्र दाखवले, तेव्हा ते दोन आठवडे शिळे होते.

“मग उपयोग काय?” काकांनी विचारले. पण त्याचे उत्तर त्यांनीच दिले, आणि ते आपल्या नाशिकचे होते.

राज्याच्या निर्णयांनी या शहराचे काय काय बदलले, ते त्यांनी बोटांवर मोजले. २०१३ च्या मे महिन्यात जकात गेली आणि एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला. २०१५ च्या ऑगस्टमध्ये बहुतेक व्यापाऱ्यांचा एलबीटीही गेला. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि पालिका राज्याकडून येणाऱ्या भरपाईकडे डोळे लावून बसू लागली. चार वर्षांत उत्पन्नाचा मुख्य झरा तीनदा बदलला. प्रभागांचेही तेच: २००२ मध्ये तीन सदस्यांचा प्रभाग, २००७ मध्ये एकाचा, २०१२ मध्ये दोघांचा आणि २०१७ मध्ये चौघांचा. “हरकती-सूचना मागवतात त्या नकाशावर,” काका म्हणाले. “हद्द नाल्यापासून घ्यायची की रस्त्यापासून, यावर. चार सदस्य कशाला, यावर हरकत कुठे घ्यायची?”

महासभेनेही शासनाला विनंती करणारे ठराव केले होते, हे त्यांनी आवर्जून सांगितले. पण ते ठराव नगरविकास विभागात जात. विधेयकावर मतदान करणाऱ्या आमदारांसमोर पालिकेचे म्हणणे तिच्या नावानिशी छापून येईल, अशी वाट त्यांना नव्हती. एखादे विधेयक एकाच अधिवेशनात मांडून संमतही होते, तेव्हा महासभा बोलवायला वेळ तरी कुठला? उलट दिशेची वाट मात्र पक्की आहे. १९४९ च्या महापालिका अधिनियमातील कलम ४५१ प्रमाणे शासन महासभेचा ठराव निलंबित किंवा विखंडित, म्हणजे रद्द, करू शकते. ‘विखंडित’ हा शब्द काकांनी ज्या सराईतपणे उच्चारला, त्यावरून तो त्यांनी किती वेळा लिहिला असेल याचा अंदाज आला. आणि मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यापासून त्या दिवाळीपर्यंत तर महासभाच नव्हती. शहराच्या वतीने बोलायचे तर प्रशासकांनी, आणि प्रशासक शासनाचेच.

मग त्यांनी मोबाइल पुन्हा हातात घेतला. “तुझ्या या पत्रात विरोधी मत दिलेल्या दोघांचा उल्लेख नाही. शहर एकमुखाने बोलते आहे असे वाटते.” मी म्हटले, पत्रात तसा उल्लेख करायची पद्धत नाही. “इतिवृत्तात असेल ना?”

इतिवृत्त शहराच्या संकेतस्थळावर होते. काकांनी ते सूचक आणि अनुमोदकांच्या नावांपासून सावकाश वाचले. कोणी कोणत्या बाजूने मत दिले ते नावानिशी होते. खाली बोललेल्या नागरिकांची यादी होती आणि तिच्यात सातव्या क्रमांकावर मी होतो, पण माझ्या आडनावात एक अक्षर चुकलेले होते. काकांनी तेवढ्यावर बोट ठेवले.

“पुढच्या सभेत इतिवृत्त कायम होण्याआधी दुरुस्ती सुचवायची असते. सुचवलीस का?”

मी सुचवली नव्हती.