तुम्ही विचारलंत म्हणून

"ॲपलेशियन ट्रेलवर होतात तेव्हा काय धमाल लिहून पाठवायचात! त्याचं पुस्तक का नाही करत? ते बिल ब्रायसनचं आहे ना, तसं."

ॲपलेशियन ट्रेल म्हणजे अमेरिकेतली डोंगरांतून जाणारी लांबलचक पायवाट, आणि ब्रायसन हा तिच्यावर विनोदी पुस्तक लिहिणारा अमेरिकन लेखक. हा प्रश्न मला किती जणांनी विचारला असेल याचा हिशेब नाही. नातेवाइकांनी विचारला, ऑफिसातल्यांनी विचारला. ज्यांना मी ते पुस्तक वाचायला दिलं त्यांनी तर परत करताना हटकून विचारला. आधी मी म्हणायचे, वेळ नाही. मग म्हणायला लागले, त्या वाटेवर जे विनोदी लिहायचं ते लिहून झालंय, आता माझी काय गरज? दोन्ही उत्तरं खोटी होती.

आधी एक गैरसमज दूर करते. पुस्तक माझ्या मनातून उतरलंय असं अजिबात नाही. ब्रायसनचं ते 'अ वॉक इन द वूड्स' १९९८ साली आलं. मी ते बऱ्याच उशिरा वाचलं आणि आतापर्यंत पाच वेळा वाचलंय. "नुसतं विनोदी तर आहे" असं कुणी म्हणालं की मी आजही भांडते. माणूस हसत हसत पानं उलटत असतो आणि मध्येच अमेरिकन चेस्टनटपाशी येऊन थांबतो. १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्राणिसंग्रहालयातल्या झाडांवर एक बुरशी लक्षात आली, आणि पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत सुमारे चारशे कोटी झाडं गेली. अख्ख्या डोंगररांगेचं रूप बदललं. जॉर्जियात चालताना जुन्या मुळांतून फुटलेले चेस्टनटचे कोवळे फुटवे मला दिसले. ते थोडे वाढतात, जाड होतात, मग बुरशी त्यांना गाठते आणि पुन्हा मुळापासून सुरुवात. ते बघायला मी वाकले, कारण त्या झाडाचं नाव त्या पुस्तकाने माझ्या मनात पेरलं होतं. रडक्या सुरात लिहिलं असतं तर मी ते प्रकरण गाळून पुढे गेले असते.

"पण त्याने ट्रेल पूर्ण कुठे केला?" असंही विचारतात. नाहीच केला, आणि ते त्याने लपवलेलं नाही. त्याच्याच हिशेबाने ८७० मैल, म्हणजे ३९.५ टक्के. जॉर्जियातल्या स्प्रिंगर माउंटनपासून मेनमधल्या कटाडिनपर्यंत वाट चौदा राज्यांतून जाते, सुमारे २,२०० मैल. एका दमात ती संपवायला निघालेल्या चौघांपैकी एखादाच शेवटपर्यंत पोचतो. उरलेल्या तिघांचं चालणं म्हणजे चालणं नव्हे का? या बाबतीत मी पूर्णपणे त्याच्या बाजूने आहे.

माझं अडतं ते त्याच्या सोबत्यापाशी.

पुस्तकातल्या निम्म्या हशाचा धनी कॅट्झ आहे. जाडजूड, दमलेला, वैतागलेला. पाठीवरचं ओझं सहन होईना म्हणून सॅकमधल्या वस्तू जंगलात भिरकावत सुटणारा. ते प्रकरण पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पोट धरधरून हसले होते. ट्रेलवर जायचं ठरल्यावर मी पुस्तक दादाला दिलं. दादा म्हणजे माझा मावसभाऊ, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा, न्यू जर्सीत राहणारा. उभ्या आयुष्यात त्याने तंबूत एक रात्र काढली नव्हती. पण मी एकटी निघालेय हे कळल्यावर त्याने तीन आठवड्यांची रजा टाकली. पुस्तक संपवून त्याने फोन केला. मला वाटलं, हसायला केला असेल. तो म्हणाला, "हे असं लिहिलेलं त्या कॅट्झला चालतं का गं?"

"अरे, नाव बदललंय त्याचं."

"नाव बदललं म्हणून काय झालं? तो स्वतःला ओळखणारच ना."

मी विषय बदलला. त्याच्या बुटांचं माप विचारलं.

एप्रिल २०१७ मध्ये आम्ही निघालो. नॉर्थ कॅरोलिनातल्या फोंटाना धरणापर्यंत जायचं होतं, साधारण १६५ मैल. खरा ट्रेल स्प्रिंगरच्या माथ्यावर सुरू होतो, पण बरेच जण खालून ॲमिकलोला धबधब्याच्या बाजूच्या पायऱ्यांनी चढायला लागतात. त्या ६०४ आहेत. शंभरेक पायऱ्या झाल्यावर दादा पहिल्यांदा म्हणाला, "थांब जरा." दिवस संपेपर्यंत ते दोन शब्द मी इतक्या वेळा ऐकले की रात्री शेल्टरमध्ये, म्हणजे वाटेवरच्या मुक्कामाच्या निवाऱ्यात, बसून त्यावरच लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी एका टेकाडावर नेटवर्क मिळताच घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. ट्रेलवर प्रत्येकाला एक टोपणनाव पडतं, बहुधा दुसऱ्यांनी ठेवलेलं. दादाचं मी ठेवलं, 'थांब जरा'. सोबतच्या अमेरिकन पोरांना अर्थ सांगितला, त्यांनाही तो आवडला. मग रोज एक भाग लिहायला लागले. दादाची एकोणीस किलोची सॅक. दादाचा स्टीलचा डबा. दादाचं बीपी मोजायचं यंत्र. दादा आणि रात्री शेल्टरमध्ये धावणारे उंदीर. लोक पुढच्या भागाची वाट बघायचे. मला फार छान वाटायचं. ते खोटं नव्हतं, आजही मी ते खोटं म्हणणार नाही.

चौथ्या दिवशी ब्लड माउंटन होता, ट्रेलवरचा जॉर्जियातला सर्वांत उंच डोंगर, ४,४५८ फूट. तिथे तेव्हा अस्वलांमुळे एक नियम होता. १ मार्च ते १ जून या काळात जॅरर्ड गॅप ते नील गॅप या दोन खिंडींमधल्या पाचेक मैलांच्या टप्प्यात रात्री मुक्काम करायचा तर खाणं ठेवायला टणक, अस्वलाला उघडता न येणारा डबा जवळ लागायचा. आमच्याकडे तो नव्हता. म्हणजे उजेड असेपर्यंत डोंगर ओलांडून खाली नील गॅपला पोचणं भाग होतं. सकाळपासून पाऊस. माथ्यावर १९३० च्या दशकात बांधलेलं दगडी शेल्टर आहे. दादा आत जाऊन बसला, तिथली वही काढून काहीतरी लिहायला लागला. अशी वही प्रत्येक शेल्टरमध्ये असते, येणारे-जाणारे त्यात लिहितात. मी दारात उभी राहून म्हणत होते, "दादा, चल ना. दादा, उशीर होतोय."

उतारावर उघडा कातळ आहे. त्यावरच ट्रेलच्या खुणेचे पांढरे पट्टे रंगवलेले, पावसात सगळं बुळबुळीत. मी पुढे होते. मागून घसरल्याचा आवाज आला म्हणून वळले. दादा बसल्या बसल्या दहा-बारा फूट घसरत आला, सॅक डोक्यावर आली आणि एक पाय झुडपाच्या मुळांत अडकला. चष्मा एका कानाला लोंबत होता. तो माझ्यापासून चार पावलांवर होता.

माझा हात जॅकेटच्या खिशात गेला आणि मी फोन काढला.

अकरा सेकंदांचं चित्रण आहे. पहिले काही सेकंद नुसता पाऊस ऐकू येतो. मग दादा वर बघतो. त्याला दिसतं की मी काय करतेय. तो म्हणतो, "हात दे." त्यावर ते संपतं, कारण तिथे मी फोन खिशात टाकला आणि धावले. त्या अकरा सेकंदांत मी भागाचं शीर्षकही ठरवलं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

त्याचं कोपर सोलवटलं होतं आणि मनगट सुजायला लागलं होतं. खाली येईपर्यंत आम्ही बोललो नाही. नील गॅपला ट्रेल चक्क एका दुकानाच्या इमारतीतून जातो. बाहेरच्या झाडावर लोकांनी सोडून दिलेले बूट लटकत असतात. मी मनगटाला बांधायला पट्टी आणायला आत गेले. बाहेर आले तर दादा दगडी कठड्यावर बसला होता. चार दिवस बॅटरी वाचवायला बंद ठेवलेला फोन त्याने चालू केला होता आणि तो ग्रुप वाचत होता. पहिल्या भागापासून, क्रमाने, खालच्या सगळ्या उत्तरांसकट. त्याच्या मुलाने एका भागाखाली लिहिलं होतं, "अगदी आमचे बाबा!" आणि पुढे हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग.

मी पट्टी हातात घेऊन उभी होते. त्याने शेवटपर्यंत वाचलं. चष्मा काढला, शर्टाला पुसला.

"छान लिहितेस," तो म्हणाला.

थोड्या वेळाने म्हणाला, "मला वाटत होतं मी बरा चालतोय."

त्यानंतर मी ग्रुपवर एक ओळही टाकली नाही. पण ते महत्त्वाचं नाही. महत्त्वाचं हे की त्यानंतर दादा एकदाही "थांब जरा" म्हणाला नाही. मला ते दोन दिवसांनी लक्षात आलं, आणि मूर्खासारखं वाटलं की आता याला सवय झाली. तो चढावर दात आवळून माझ्यामागे चालत राहिला. त्याचा गुडघा दुखतोय हे त्याने सांगितलं नाही. कारण सांगायचं म्हणजे थांब म्हणायचं, आणि ते शब्द आता त्याचे उरले नव्हते. फ्रँकलिन गावाजवळच्या खिंडीपर्यंत आम्ही ११० मैल चाललो. तिथे त्याला पाय टेकवेना. एका भल्या माणसाने गाडीतून गावात सोडलं, तिथून तो घरी गेला. त्याच्या आग्रहाखातर मी पुढे एकटी गेले.

आता माझ्यातलीच जुनी मी मध्ये बोलते. ती म्हणते, तू प्रेमाने लिहिलं होतंस. खरंच आहे. त्या भागांमधला दादा वाचून कुणालाही त्याचा लळाच लागला असता. ती म्हणते, गुडघा त्याचा, सांगायचं त्याने. हेही काही अंशी खरं. ती असंही म्हणते की लांबच्या वाटेवर हसू नसेल तर माणूस टिकत नाही, आणि ब्रायसनने सोबत्याला चढवून, सजवून लिहिलं असतं तर ते पुस्तक कुणी वाचलंच नसतं. यावर माझ्याकडे उत्तर नाही. शेवटी शेवटी, मेनमधल्या हंड्रेड माइल वाइल्डरनेस या निर्जन टप्प्यात, कॅट्झ पाणी शोधायला जातो आणि हरवतो. रात्रभर सापडत नाही, आणि पुस्तकाचा आवाजच बदलतो. पूर्वी मी ती पानं भराभर उलटायचे, कारण त्यांत हशा कमी. आता पुस्तक हातात घेतलं की आधी तीच काढते.

एमा गेटवूडचं उदाहरणही मला कुणी ना कुणी देतंच. १९५५ साली, ६७ व्या वर्षी, ही बाई एकटीने अख्खा ट्रेल चालली. पायात कापडी बूट, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी, पावसासाठी न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा. वर्तमानपत्रांना ही आजी फार आवडली, कौतुकाने आणि गमतीने रकाने भरले. नवऱ्याने तिला वर्षानुवर्षं किती मारलं होतं ते त्या रकान्यांत नव्हतं. ते लोकांपुढे आलं तेव्हा तिला जाऊनही खूप वर्षं झाली होती. मला दर वेळी वाटतं, गमतीदार आजी लिहिणाऱ्यांना पुढचा प्रश्न विचारायची गरजच पडली नसणार. पण लगेच उलटही वाटतं. तिलाही कदाचित तेच हवं असेल. हसू पुढे करून तिने बाकीचं स्वतःपाशी ठेवलं असेल. मग तिचं ते हसू काढून घेणारी मी कोण?

दोन वर्षांपूर्वी एका लग्नात दादाने पडल्याची गोष्ट स्वतःच सगळ्यांना सांगितली. माझ्याहून चांगली सांगितली. हात वर करून, डोक्यावर सॅक आल्याचा अभिनय करून, "आणि ही फोन काढून उभी!" असं म्हणून. मंडप हसला, मीही हसले. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते, पण त्यावरून मला काही कळलं नाही. नंतर ताटं घेऊन बसलो तेव्हा तो म्हणाला, "आता लिही की."

तेव्हापासून तुमचा प्रश्न जास्तच धारदार झालाय. दादांनीच परवानगी दिली, आता काय? दादाने मला आजवर कशाचीच परवानगी नाकारलेली नाही. तीन आठवड्यांची रजाही त्याने अशीच टाकली होती. म्हणून त्या परवानगीवर माझा भरवसा बसत नाही. तुम्हाला हे पटणार नाही. काही दिवशी मलाही पटत नाही.

आणखी एक आहे. दादा रोज रात्री शेल्टरमधल्या वहीत लिहायचा. डोक्याला दिवा लावून, चष्मा घालून, दहा-दहा मिनिटं, मराठीत. मला वाटायचं, तारीख आणि नाव लिहीत असेल. मी शेजारीच बसून माझा भाग लिहीत असायचे. एकदाच सहज नजर गेली तेव्हा पान भरलेलं दिसलं आणि खाली सही म्हणून 'थांब जरा'. म्हणजे नाव त्याने घेतलं होतं. मी ते वाचलं नाही, मला माझं पूर्ण करायचं होतं. भरलेल्या वह्या ट्रेलची देखभाल करणारे स्वयंसेवक घेऊन जातात आणि नव्या कोऱ्या ठेवतात. मी त्याला विचारलं, काय लिहायचास? "असंच गं. पाऊस किती, पाणी कुठे आहे."

फ्रँकलिनपासून फोंटानापर्यंत मी एकटी चालले. प्रत्येक शेल्टरमध्ये गेल्या गेल्या, सॅक उतरवायच्याही आधी, वही उघडून मागची पानं चाळायचे. तो तिथवर आलेलाच नव्हता, हे मला माहीत होतं.