डावीकडच्या दोन रेघा

त्या दिवशी सकाळी मी ‘जिदोका’ या जपानी शब्दाचं भाषांतर ‘ऑटोमेशन’ असं केलं. दुपारी साडेतीनला त्याचा परिणाम माझ्या डोळ्यांसमोरून पट्ट्यावर सरकत गेला. दोन वर्षं होत आली, तरी तो वाकडा ब्रॅकेट डोळ्यांपुढून जात नाही.

मी जपानीची दुभाषी. पुण्यात आमचं बहुतेक काम जपानी-इंग्रजी असतं. या वेळी मात्र चाकणच्या एका कारखान्यातले चौदा ऑपरेटर तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणाला जपानमध्ये आइची प्रांतात जाणार होते आणि त्यांना मराठीच हवं होतं. मला आनंद झाला. जपानीत क्रियापद शेवटी येतं, मराठीतही शेवटीच. इंग्रजी करताना सेन्सेईंचं, म्हणजे शिकवणाऱ्यांचं, वाक्य संपेपर्यंत श्वास धरून बसावं लागतं. मराठीत त्यांच्या मागोमाग चालता येतं. हे सुख बाहेरच्यांना कळणार नाही.

बाहेरच्यांना कळत नाही अशी दुसरी गोष्ट म्हणजे दुभाष्याचं खरं काम आदल्या रात्री होतं. उद्याचे कागद आज हातात पडले की शब्द शोधता येतात, शंका विचारता येतात. मी कागद मागितले होते. “सोपं आहे, तुम्हाला येईलच,” असं उत्तर आलं. अकरा वर्षं हे उत्तर ऐकतेय आणि दर वेळी तितकाच राग येतो. सोपं काय आणि अवघड काय, हे ज्याला दुसरी भाषा येत नाही त्याने ठरवायचं!

सकाळी वर्ग सुरू झाला तेव्हा कागद हातात पडले. सेन्सेई म्हणाले, “जिदोका.” मी कागदावर नजर टाकली. तिथे नेहमीचंच छापलेलं होतं: ‘जि’ म्हणजे स्वतः, ‘दो’ म्हणजे हलणं, ‘का’ म्हणजे तसं होणं. मी म्हटलं, “ऑटोमेशन. यंत्र आपोआप चालणं.” सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं.

दुपारी सरावाच्या लाइनवर सेन्सेईंनी मुद्दाम एक वाकडा ब्रॅकेट सोडला. प्रत्येकाच्या डोक्यावर अंदोनची दोरी लोंबत होती. काही चुकीचं दिसलं की ती ओढायची, म्हणजे दिवा लागतो आणि मदत येते. ब्रॅकेट पहिल्याच्या समोरून गेला, दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या. तिसऱ्याने तो पाहिला, हे मीही पाहिलं. दोरी कोणीच ओढली नाही. सेन्सेईंनी कारण विचारलं तेव्हा तो मुलगा सरळपणे म्हणाला, “ऑटोमेशन आहे ना? मला वाटलं, मशीन थांबेल.”

मी ते जपानीत सांगितलं. सेन्सेईंनी त्याच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. मग माझ्या हातातला कागद घेतला, खिशातून लाल पेन काढलं आणि छापलेल्या ‘दो’च्या डाव्या अंगाला दोन रेघा घातल्या. एक वरून डावीकडे उतरती तिरपी, दुसरी तिच्या पोटातून सरळ खाली. छापील अक्षरांच्या मधे जागाच नव्हती. त्या दोन रेघा शेजारच्या अक्षराला टेकल्या.

त्या दोन रेघांना ‘निनबेन’ म्हणतात, म्हणजे अक्षराच्या डावीकडे उभा असलेला माणूस. तो आला की ‘हलणे’चं ‘काम करणे’ होतं. उच्चार तोच, ‘दो’च. टोयोटाच्या पद्धतीत ‘जिदोका’ या माणूसवाल्या अक्षराने लिहितात. नुसतं हलणारं यंत्र वेगळं आणि काही बिघडलं तर स्वतः थांबून माणसाला हाक मारणारं यंत्र वेगळं, हा सगळा फरक त्या दोन रेघांमध्ये आहे. ती एका घराण्याची लेखनपद्धत आहे, शब्दकोशातली नव्हे. संगणकावर टाइप केलं की साधंच अक्षर आधी सुचतं. कागद तयार करणाऱ्याने ते तसंच ठेवलं होतं. कानाला दोन्ही सारखी, आणि छापलेलं चुकीचं. मला कळणार कुठून? पण मला हे अक्षर येत होतं. जिथे कारखान्याची गोष्ट चालली आहे तिथे ते कोणतं, हे विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही.

या अक्षरावर माझा फार जीव आहे. ते मूळचं चीनचं नाहीच. साचा चिनी, पण मध्ययुगीन जपानात घडवलेलं. अशा अक्षरांना ‘कोकुजी’ म्हणतात. डोंगराशेजारी वर-खाली लिहून केलेली ‘खिंड’, शेताशेजारी आग लिहून केलेलं ‘कोरडवाहू शेत’, ही त्याचीच भावंडं. बहुतेक कोकुजींना चिनी वळणाचा उच्चार नसतो. याला आहे. ‘रोओदोओ’ म्हणजे श्रम, या शब्दात तो ऐकू येतो. तेरा रेघा, आणि जपानी मुलं ते चौथीत शिकतात.

आमच्याकडच्या क्लासमध्ये कांजी, म्हणजे जपानीतली ही चिनी वळणाची अक्षरं, गोष्टी सांगून शिकवतात: माणूस, जड आणि शक्ती, मिळून काम. लक्षात राहतं, पण ते इतकं सरळ नाही. माणूस बाजूला काढला तर उरतं ते चिनी ‘हलणे’. त्यातला ‘जड’ हा भाग मुख्यतः उच्चारासाठी आला आहे. जुन्या चिनीत दोघांचे उच्चार जवळचे होते. ‘शक्ती’ जुन्या कोरीव लेखांत जमीन उकरायच्या अवजारासारखी दिसते, म्हणून बरेच अभ्यासक तिला नांगराच्या जातीचं अवजार मानतात. इसवी सन 100 च्या सुमाराचा चिनी कोश मात्र तिला स्नायू म्हणतो. आणि ‘जड’चं जुनं रूप पाहिलं तर तिथे दोन्ही टोकं बांधलेलं बोचकं आहे आणि त्याला लागून माणूस. म्हणजे अक्षरात माणूस आधीपासूनच होता, ओझ्याजवळ, आता ओळखू न येणारा. जपान्यांनी दुसरा बाहेर उभा केला.

‘काम करणे’ हे क्रियापद, ‘हाताराकु’, याच अक्षराने लिहितात. त्या संध्याकाळी सेन्सेईंनी मुलांना सांगितलं, “हाताराकु म्हणजे ‘हाता’ला, शेजारच्याला, ‘राकु’, म्हणजे सुख देणं.” जपानमध्ये हे सगळीकडे सांगतात. ही शब्दाची खरी व्युत्पत्ती नाही, जुळवलेली आहे, हे मला माहीत होतं. मी जसंच्या तसं मराठीत आणलं. दुभाष्याने बोलणाऱ्याला दुरुस्त करायचं नसतं. पण सकाळी छापील कागदाला दुरुस्त न केल्याची जखम ताजी होती, म्हणून ते वाक्य बोलताना घसा कोरडा पडला.

दोन दिवसांनी नागोयाला टोयोटाच्या उद्योग-तंत्रज्ञान संग्रहालयात गेलो. जुन्या कापड गिरणीच्या लाल विटांच्या इमारतीत ते 1994 मध्ये सुरू झालं. तिथे टोयोटा उद्योगाचे संस्थापक साकिची तोयोदांचा 1924 चा ‘जी’ प्रकारचा स्वयंचलित माग चालवून दाखवतात. धोट्यातलं सूत संपत आलं की माग न थांबता धोटा बदलतो. उभ्या धाग्यांवर धातूच्या पातळ पट्ट्या असतात; धागा तुटला की त्याची पट्टी खाली पडते आणि माग थांबतो. मग एकच माणूस डझनावारी माग सांभाळू शकतो. 1929 मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने त्याचे हक्क 1 लाख पौंडांना घेतले.

दाखवणाऱ्या बाईंनी एक धागा तोडला. माग खट्‌कन थांबला. आमच्यातला इचलकरंजीचा मुलगा, तोच, ज्याच्यासमोरून ब्रॅकेट गेला होता, एकदम पुढे झाला.

“ताई, आमच्या घरात चार माग हुते. तार तुटली आणि बाबाचं लक्ष नसलं की दोष तसाच इणत जायचा. निम्मा वार कापड वाया. बाबा रातभर मागापाशी उभा ऱ्हायचा, फक्त बघायला.”

“म्हणजे?” मी विचारलं.

“म्हणजे हा माग राखण करतोय. बाबा झोपला असता की ओ.”

हे मी सेन्सेईंना सांगितलं. त्यांनी ‘राखण’ कसं म्हणतात ते विचारून घेतलं आणि दोनदा स्वतःशी म्हणून पाहिलं. त्या मुलाने वहीत अक्षर काढलं. डावीकडचा माणूस बाकी अक्षराएवढाच मोठा झाला होता.

तेव्हापासून माझ्या शब्दसूचीत ‘जिदोका’समोर खाडाखोड आहे. ‘काम करणे’ सपाट आहे. ‘राबणे’मध्ये कष्ट आहेत, पण कोणीतरी राबवून घेतंय असाही वास आहे, आणि हाताराकु तर जपानीत बुद्धीही करते, गुरुत्वाकर्षणही करतं, त्याच माणूसवाल्या अक्षराने. ‘राखण’मध्ये थांबणं येत नाही. सध्या लिहिलंय: बिघाड दिसला की थांबणं, यंत्राने आणि माणसानेही. हे भाषांतर नाही, स्पष्टीकरण आहे, आणि लाइनवर उभ्याने बोलताना इतके शब्द मावत नाहीत.

या वर्षीच्या बॅचचे कागद मला चार दिवस आधी मिळाले. भांडून मिळवले. त्यात पुन्हा साधंच अक्षर होतं. बावीस प्रती होत्या. मुंबई विमानतळावर बसून लाल पेनाने प्रत्येकीत त्या दोन रेघा घातल्या. जागा तेवढीच होती. शेजारच्या अक्षराला टेकल्याच.