मोर दाखवा, जागा नको

आमच्या कलानकाशाचं काम एरवी सरधोपट असतं. लोक आठवणीतून आपापला भाग कागदावर काढतात, आम्ही तो स्कॅन करून क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये खऱ्या नकाशावर बसवतो आणि वर चित्रं, फोटो, आवाज चढवतो. बसवायला दोन्हीकडे सापडतील अशा खुणा लागतात: चौक, शाळा, पूल.

त्या दिवशी रात्रपाळीला रस्ते झाडणाऱ्या एक मावशी आल्या. त्यांच्या कागदावर हमरस्ताच नव्हता. होते ते इमारतींच्या मागचे बोळ, मॅनहोलची झाकणं, बंद पडलेले दिवे आणि कुत्री बसतात त्या जागा. एक बोळ तर अर्धा कागद अडवून बसलेला. प्रत्यक्षात तो शंभर पावलंही नाही.

"एवढा मोठा कसा काय?"

"झाडून बघा, ताई."

सहकाऱ्याने थिन प्लेट स्प्लाइन लावलं. या पद्धतीत प्रत्येक खूण आपल्या जागी बसेपर्यंत कागद हवा तसा ताणला-दाबला जातो. खुणा बसल्या, पण बोळाची दोरी झाली. मी ते रद्द केलं आणि मूळ कागद जसाच्या तसा ठेवला. नकाशा अचूक हवा असेल तर तो आधीच आहे की!

खरा पेच बोळाच्या टोकाला होता. तिथे भिंतीवर मोर आहे. कचऱ्यात आलेल्या रंगांच्या डब्यांतून मावशींच्या जोडीदारणीने काढलेला. मान निळी, मग निळा संपला म्हणून पिसारा हिरवा आणि शेवटची पिसं खिडकीच्या गजांना लावतात त्या तपकिरी ऑइलपेंटची. फोटो बघून सहकारी खूशच झाला. ओपनस्ट्रीटमॅप या कोणीही भर घालू शकेल अशा खुल्या नकाशावर भित्तिचित्रासाठी 'आर्टवर्क'चा टॅग आहे, त्याने लगेच बिंदू टाकायला घेतला.

"पिन नको," मावशी म्हणाल्या. मोराखाली त्या रात्री घटकाभर टेकतात. मुकादमाला जागा कळली की तेही संपलं. "मोर दाखवा, जागा नको."

सहकाऱ्याचं म्हणणं, आत्ता टाकू, पुढे वाटलं तर काढू. पण ओपनस्ट्रीटमॅपवर बिंदू पुसला तरी त्याचा इतिहास उरतो, कोणीही उघडून बघू शकतं. मग आम्ही मोर फक्त यूमॅपमधल्या, म्हणजे त्या नकाशावर वेगळा चढवलेल्या आमच्या थरात घेतला आणि बिंदूऐवजी अख्खा वॉर्ड रंगवला. फोटोच्या एक्झिफमध्ये, म्हणजे फाइलमध्ये दडलेल्या माहितीत, अक्षांश-रेखांश होते, ते काढले. तरी मागे नंबर लिहिलेला विजेचा खांब दिसतच होता. अशा वेळी माहितीच्या रकान्यांपेक्षा चित्राचा कोपरा जास्त दगा देतो. खांब कापावा तर चोच जात होती. शेवटी फोटोच बाजूला ठेवला आणि मावशींनी स्केचपेनने मोर काढून दिला. पाय जरा लांब झालेत, पण त्यांना तसेच हवे होते.

आवराआवर करताना त्यांनी कागदावरच्या एका वर्तुळावर बोट ठेवलं. मी ते झाकण समजले होते. झाकण नव्हतंच तिथे.

"हे मात्र नेमकं टाका. अंधारात पाय जातो."

उंच इमारतींमधल्या बोळात मोबाइलचा जीपीएस हमखास भरकटतो, त्यामुळे त्याच्यावर विसंबून चालणार नव्हतं. मी उपग्रहाचं चित्र उघडलं. मावशी इमारतीच्या कोपऱ्यापासून पावलं सांगत गेल्या आणि मी पिन सरकवत राहिले.